तुलनागटातील मुले

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी मला सर्वाधिक वेळा विचारलेला प्रश्न निदानाचा नव्हता आणि भवितव्याचाही नव्हता. ‘मॅडम, हे करून बघू का?’ एवढाच तो असे. शासकीय रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात माझ्या सेवेचा बहुतेक काळ लहान मुलांबरोबर गेला. त्या काळात प्रश्नातले ‘हे’ बदलत राहिले. कधी ते दूरच्या गावच्या वैद्याचे तेल होते, कधी प्राणवायूची दाबपेटी, कधी मूलपेशींचे इंजेक्शन. प्रश्नामागची भावना मात्र तीच राहिली. करण्यासारखे काही आपल्या हातून राहून गेले, असे उद्या वाटू नये, ही ती धास्ती. दागिने मोडून आलेल्या माणसाला मी कधी अंधश्रद्ध म्हटले नाही. त्याचा प्रश्न कर्तव्याचा होता, आणि सहानुभूतीने त्याचे उत्तर देता येण्यासारखे नव्हते.

विकसित होत असलेल्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच झालेली इजा हे या अवस्थेचे मूळ. हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांच्या वाट्याला ती येते. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही. तिला सोबत घेऊन शरीर मात्र वाढत राहते. विल्यम जॉन लिटल या शल्यविशारदाने 1861 मध्ये लंडनच्या प्रसूतिवैद्यांपुढे आपली निरीक्षणे मांडली आणि मुलांच्या हातापायांतील ताठरपणाचा संबंध अडलेल्या प्रसूतीशी जोडला. पुढे 1897 मध्ये सिग्मंड फ्रॉइडने (मनोविश्लेषणाआधी तो मज्जातंतूंचा वैद्य होता, हे आपण सहसा विसरतो) वेगळी शंका घेतली: अवघड प्रसूती हे कारण नसून गर्भातच बिघडलेल्या विकासाचे ते लक्षण असेल तर? शंका बरीचशी रास्त होती, पण ती जवळजवळ नव्वद वर्षे पडून राहिली. 1986 मध्ये अमेरिकेतील कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी हजारो गर्भवती स्त्रियांच्या नोंदी जन्माच्या आधीपासून तपासून दाखवले की, सेरेब्रल पाल्सीच्या बहुसंख्य मुलांबाबत जन्मवेळच्या श्वासावरोधाला दोष देता येत नाही. आपल्याकडे श्वासावरोध आणि नवजात कावीळ यांचा वाटा अजूनही मोठा आहे, हे खरे. तरीही ‘बाळ उशिरा रडले’ या एका वाक्याखाली आयुष्यभर वाकलेल्या किती आया मी पाहिल्या आहेत! त्यांच्यापैकी काहींचे ओझे त्या कोरड्या आकडेवारीने उतरवले असते. ती त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवली नाही, इतकेच.

उपचारांच्या बाबतीत अडचण याहून सूक्ष्म आहे. मूल वाढते. ताठर पायांचे मूलही दोन वर्षांचे असताना करू शकत नव्हते ते तीन वर्षांचे झाल्यावर करू लागते. कोणी काही केले नाही तरी त्यातील बरेचसे घडते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात रॉबर्ट पॅलिसानो, पीटर रोझेनबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये या मुलांच्या हालचालींची पाच स्तरांची वर्गवारी सिद्ध केली. ऑन्टारिओ प्रांतातील 657 मुलांचे वर्षानुवर्षे मोजमाप करून 2002 मध्ये त्यांनी प्रत्येक स्तराचा विकासालेखही प्रसिद्ध केला. पाचव्या वर्षापर्यंत, आणि तीव्र स्वरूपात त्याच्याही बरेच आधी, मूल आपल्या संभाव्य स्थूल हालचालींच्या सुमारे नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचते, असे त्यातून दिसले. पालक उपचारांसाठी सर्वाधिक वणवण करतात ती नेमकी याच वर्षांत. त्या काळात सुरू केलेला कोणताही उपाय लागू पडल्यासारखा भासतो, कारण आलेख तेव्हा वर चढतच असतो. तेल लावणाराही प्रामाणिक असू शकतो आणि त्याने दाखवलेली सुधारणाही खरी असू शकते. श्रेय तेवढे चुकीच्या खात्यावर जमा झालेले असते.

प्राणवायूच्या दाबपेटीची कथा या दृष्टीने मननीय आहे. पालकांच्या आग्रहामुळे क्वेबेकमधील संशोधकांनी तिची रीतसर चाचणी घेतली आणि 2001 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन ते बारा वर्षांच्या 111 मुलांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला 1.75 पट वातावरणीय दाबाखाली शुद्ध प्राणवायू मिळाला, दुसऱ्याला 1.3 पट दाबाखाली साधी हवा. प्रत्येकी चाळीस बैठका झाल्या. दोन्ही गटांतील मुले सुधारली, आणि सारखीच सुधारली. दाबपेटीचे समर्थक म्हणाले की किंचित दाबाखालची हवा हाही उपचारच ठरला. हा युक्तिवाद तर्काला सोडून नाही. पण त्याहून साधे स्पष्टीकरण समोर होते. आईवडील रोज मुलाजवळ तासन्‌तास बसले, मुलाकडे सर्वांचे लक्ष लागले, अपेक्षा उंचावल्या आणि काळ पुढे सरकला. दुसरा गट नसता, तर पहिल्या गटातील सुधारणा हाच दाबपेटीचा विजय म्हणून जगभर मिरवला गेला असता.

माझ्या स्वतःच्या व्यवसायावरही ही कसोटी चालली आहे, आणि ते वाचणे मला सुखाचे झाले नाही. 1988 मध्ये अमेरिकेतील पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही पायांत ताठरपणा असलेल्या 48 बालकांचा अभ्यास केला. त्यांतील काहींना वर्षभर तत्कालीन पद्धतीची फिजिओथेरपी मिळाली. उरलेल्यांना पहिले सहा महिने घरच्या घरी खेळातून सर्वांगीण उत्तेजन आणि नंतरचे सहा महिने फिजिओथेरपी असा क्रम होता. वर्षअखेरीस पहिल्या गटातील सुमारे 35 टक्के मुले चालत होती, तर दुसऱ्या गटातील 73 टक्के. अभ्यास लहान होता, त्यावर आक्षेपही घेतले गेले. तथापि त्याने उभी केलेली शंका पुढील संशोधनाने पुसली नाही, उलट तिला दिशा दिली. थेरपिस्टने मुलाचे हातपाय हलवून द्यावेत, ‘योग्य’ हालचालीचा अनुभव त्याच्या शरीराला द्यावा, या कल्पनेवर आमच्या पिढीचे शिक्षण उभे होते. आज ऑस्ट्रेलियातील आयोना नोवाक आणि त्यांचे सहकारी उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेऊन उपचारांना सिग्नलचे हिरवा, पिवळा, लाल असे रंग देतात. त्यांच्या हिरव्या यादीत मुलाने स्वतः, स्वतःला हव्या असलेल्या कामासाठी, आपल्या रोजच्या वातावरणात केलेल्या सरावाला स्थान आहे. चांगला हात काही काळ बांधून दुर्बळ हाताला कामाला लावण्याची पद्धत तिथे आहे, ताठर स्नायूंसाठी बोट्युलिनम विषाची इंजेक्शनेही आहेत. आम्ही टेबलावर झोपवून केलेले पुष्कळसे काम मात्र त्या यादीत नाही.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि चाचणीचे संमतिपत्र हातात घेतलेली आई तो थेट विचारते: ‘म्हणजे माझ्या बाळाला औषध मिळेल की नाही, हे चिठ्ठी ठरवणार?’ होय, चिठ्ठीच ठरवते. या उत्तरातील कठोरपणा मी कधी सौम्य करू शकले नाही. पण त्या कठोरपणाची आवश्यकता सर्वांत स्पष्टपणे दाखवणारी घटना आपल्याच प्रदेशातील आहे. जन्मवेळी गुदमरलेल्या बाळाचे शरीर सहा तासांच्या आत थंड करून बहात्तर तास साडेतेहतीस अंश सेल्सियसवर ठेवले, तर मृत्यू आणि अपंगत्व घटते, हे श्रीमंत देशांतील अनेक चाचण्यांनी सिद्ध झाले होते. आपल्याकडेही अनेक नवजात अतिदक्षता विभागांत ही पद्धत रुजू लागली होती. मग तिची येथे पुन्हा चाचणी कशासाठी? काही बाळांना सिद्ध उपचारापासून वंचित ठेवणे अन्याय नव्हे काय? हा आक्षेप सुजाण माणसाने घ्यावा असाच होता.

भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात रुग्णालयांत ‘हेलिक्स’ नावाची ती चाचणी झाली. मुंबईतील शीवचे महापालिका वैद्यकीय महाविद्यालय त्यांपैकी एक होते. 408 बाळांचा समावेश असलेल्या त्या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यू किंवा मध्यम ते गंभीर अपंगत्व यांचे एकत्रित प्रमाण थंड केलेल्या गटात 50 टक्के आणि न केलेल्या गटात 47 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. मृत्यूचे प्रमाण मात्र पहिल्या गटात 42 टक्के होते, दुसऱ्यात 31. असे का व्हावे, यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. आपल्याकडील इजा कदाचित प्रसूतीच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते, हे एक संभाव्य उत्तर. कारण काहीही असो, ज्या बाळांना आपण ‘वंचित’ समजत होतो, त्यांनीच आपल्याला सावध केले. त्यांच्या आईवडिलांनी सही केली ती बाळ जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, आयुष्यातील सर्वांत वाईट घटकेला. अशा सहीचे ऋण कोणत्या रीतीने फेडायचे, हे मला ठाऊक नाही. निदान ते मान्य तरी करावे.

संशोधनाने केवळ नकारच दिले असे नाही. गर्भवतीच्या झटक्यांवर दिले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त, जुने औषध अकाली प्रसूतीच्या आधी दिल्यास बाळाच्या मेंदूचे काही अंशी रक्षण करते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 2241 स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत बाळांमधील मध्यम ते तीव्र सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण 3.5 टक्क्यांवरून 1.9 टक्क्यांवर आले. पण मला अधिक मोलाचे वाटते ते स्वीडनचे काम, कारण त्यात चमत्काराचा लवलेश नाही. स्नायूंच्या ओढीमुळे या मुलांच्या खुब्याचा सांधा हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता निखळतो. मग बसणे अवघड होते, झोप उडते, लंगोट बदलतानाही मूल कळवळते. दक्षिण स्वीडनमध्ये 1994 पासून अशा प्रत्येक मुलाची नोंद ठेवून ठरावीक काळाने खुब्यांचा एक्स-रे काढण्याचा आणि वेळीच उपचार करण्याचा क्रम सुरू झाला. पूर्वी तिथे दहातील जवळजवळ एका मुलाचा खुबा निखळत असे. पुढच्या पिढीत हे प्रमाण नगण्य झाले. लागले ते एक्स-रे यंत्र, एक नोंदवही आणि सातत्य. पहिली दोन आपल्या जिल्हा रुग्णालयांत आजही आहेत.

उपचाराची किंमत आपण रुपयांत मोजतो. माझ्या मते ती काळातही मोजली पाहिजे. रोजचे दोन-तीन तास एसटीत, दोन तास रांगेत, घरी आल्यावर आणखी तासभर रडत्या मुलाचे पाय ताणणे, असे आईचे तारुण्य आणि मुलाचे बालपण संपते. मिथू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी केंद्र काढले, तेव्हा केवळ व्यायामाचा विचार केला नाही. शाळा सुरू केली. त्यामागची दृष्टी आमच्या विभागांपर्यंत पोहोचायला फार वर्षे लागली. एखादा उपचार निरुपयोगी आहे असे चाचणीने सिद्ध होते, तेव्हा हजारो घरांना त्यांचे हे तास परत मिळण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून नकारार्थी निष्कर्षाला मी अपयश मानत नाही. तो दडवला जाणे, किंवा मराठीतून कधीच न सांगितला जाणे, हे अपयश.

मूलपेशींविषयी आज सर्वाधिक विचारणा होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सेरेब्रल पाल्सीसाठी मूलपेशींचा वापर मान्य चाचणीबाहेर करता येत नाही. तरीही लाखो रुपये घेऊन तो केल्याच्या हकिगती पालकांकडून मी ऐकल्या आहेत. माझी विनंती एवढीच आहे, की पैसे भरण्यापूर्वी त्या केंद्राकडे ‘सीटीआरआय’चा, म्हणजे देशातील वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदणीचा, क्रमांक मागावा आणि चाचणीत तुलनागट आहे का, हे विचारावे. नोंदणी ही गुणवत्तेची हमी नव्हे. पण ती कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य तपासता येते, आणि मूलपेशींच्या चाचणीत सहभागी होणाऱ्या मुलाच्या पालकांकडून उपचाराचे शुल्क घेण्यास ही तत्त्वे मनाई करतात.