भर चौकातली चोरी



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ३६.

विभूतियोग वाचताना मन कसं प्रसन्न होत जातं. पर्वतांमध्ये मेरू, नद्यांमध्ये गंगा, महिन्यांमध्ये मार्गशीर्ष, ऋतूंमध्ये वसंत. भगवंत एकेक सुंदर गोष्ट घेतात आणि म्हणतात, ते मी आहे. आणि मग ३६ व्या श्लोकात एकदम ठेच लागते. तिथे ते सांगतात की फसवणाऱ्या गोष्टींमध्ये द्यूत म्हणजे मी.

जुगार? आणि देव?

मी हा श्लोक बरीच वर्षं घाईघाईने ओलांडून पुढे जायचो. माऊलींनी मात्र तो ओलांडलेला नाही. ज्ञानेश्वरीत या ठिकाणी त्यांनी जुगाराला भर चौकात होणारी चोरी म्हटलंय, आणि तरी ती कुणाला अडवता येत नाही, असं सांगितलंय. या एका विचाराने मला तीन वर्षांपूर्वी पकडलं. कसं, ते आज सांगतो. थोडं लाजिरवाणं आहे, पण सांगतो.

तेव्हा मी रात्री मोबाइलवर व्हिडिओ पोकर खेळायला लागलो होतो. सुरुवात फुकटच्या सराव ॲपवर झाली. हा खेळ इंजिनिअरच्या डोक्याला लगेच आवडतो. समोर माणूस नाही, चेहरा वाचायचा नाही. ५२ पत्त्यांच्या कॅटमधले पाच पत्ते मिळतात. हवे ते ठेवायचे, नको ते टाकायचे, टाकले तितके नवे येतात. बस्स, संधी एकदाच. शेवटी हातात जे जमलं त्याचे पैसे स्क्रीनवरच्या तक्त्याप्रमाणे मिळतात. गुलाम, राणी, राजा किंवा एक्का यांची जोडी आली तर लावलेले पैसे परत. दोन जोड्या, तीन सारखे, पाची एका चिन्हाचे, असं वर वर चढत रॉयल फ्लशपर्यंत.

यात खरोखर कौशल्य लागतं. समजा हातात राण्यांची जोडी आहे आणि चार पत्ते बदामाचेही आहेत. काय ठेवायचं? जोडी. पण जोडी लहान असेल, सत्तींची वगैरे, तर चार बदाम ठेवायचे. रॉयल फ्लशला एकच पत्ता कमी असेल तर जमलेला साधा फ्लशसुद्धा मोडायचा. प्रत्येक हाताचं उत्तर गणिताने काढता येतं. मी एका शनिवारी बसून प्रोग्रॅम लिहिला आणि सगळी उत्तरं काढली. फार अभिमान वाटला स्वतःचा!

मग मल्टी-हँड सापडलं. यात खाली पाच पत्ते येतात, तुम्ही काय ठेवायचं ते ठरवता, आणि ते ठेवलेले पत्ते वरच्या सगळ्या ओळींत जसेच्या तसे उमटतात. तीन ओळी, पाच, दहा, पन्नास, शंभरसुद्धा. प्रत्येक ओळीला उरलेल्या ४७ पत्त्यांची आपली वेगळी कॅट असते, त्यामुळे प्रत्येक ओळीत नवे पत्ते वेगळे येतात. निर्णय एक, निकाल दहा. आणि हो, पैसेही दहापट लावायचे, प्रत्येक हाताचे वेगळे.

खूप जणांना वाटतं की हात जास्त म्हणजे जिंकायची शक्यता जास्त. तसं काही नसतं. शंभर रुपयांमागे सरासरी किती परत येणार, तो आकडा एका हाताला जो, तोच शंभर हातांना. बदलतो तो वेग.

हिशोब बघा. तक्त्यात फुल हाऊसला ९ आणि फ्लशला ६ पट असतील, हातामागे पूर्ण पाच नाणी लावली आणि एकही चूक केली नाही, तर ९९.५४ टक्के परत येतात. म्हणजे तोटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण त्याच तक्त्यात ९ च्या जागी ८ आणि ६ च्या जागी ५ असेल तर परतावा ९७.३० टक्क्यांवर येतो. दोनच आकडे बदलतात आणि तोटा जवळपास सहापट होतो. आणि हे आकडे कुठे दडवलेले नसतात बरं का. खेळताना पूर्ण वेळ डोळ्यांसमोर असतात.

माझ्या सरावाच्या ॲपवर ९ आणि ६ होते. ज्या परदेशी साइटवर मी खरे पैसे लावले तिथे ८ आणि ५.

मला दिसलं. कळलं. आणि तरी मी खेळलो.

नाणं एक रुपयाचं. पाच नाणी म्हणजे हाताला ५ रुपये. दहा हात म्हणजे एका वेळेला ५० रुपये. मिनिटाला दहा वेळा बटण दाबलं तर तासाला ३०,००० रुपये लावले जातात. २.७ टक्क्यांनी तासाचा सरासरी तोटा ८१० रुपये. एकाच हाताने खेळलो असतो तर तो ८१ असता. पन्नास हातांनी ४,०५०. नाणं तेच एक रुपयाचं!

आणि हरताना हरल्यासारखं वाटतही नाही. एका हाताने खेळताना निम्म्याहून जास्त वेळा काहीच मिळत नाही, ते बोचतं. दहा ओळींत मात्र कुठे ना कुठे काहीतरी जमतंच. ५० रुपये लावले, चार ओळी उजळल्या, २० रुपये आले, छान आवाज झाला. ३० रुपये गेले, पण कानाला जिंकल्याचं ऐकू आलं.

तीन आठवडे, सगळे मिळून साधारण ५० तास. गणिताप्रमाणे ४०,५०० रुपये जायला हवे होते. माझे ४३,००० गेले. म्हणजे कुणी मला फसवलं नाही. पत्ते नीट पिसले जात होते, तक्ता समोर होता, गणित माझं स्वतःचं होतं. मग छळ करणारं कोण होतं?

रोज रात्री बायको विचारायची, "अजून झोपला नाहीस?" मी म्हणायचो, "प्रॉडक्शन डिप्लॉयमेंट आहे गं."

ही ती भर चौकातली चोरी. चोर मी, मालक मी, आणि अडवायला उभा असलेला पहारेकरीही मीच.

आता माझा एक मित्र वाद घालतो. तो म्हणतो, "तू सिनेमाला सातशे रुपये घालवतोस ते चालतं, आणि मी घरबसल्या तासभर खेळून तेवढेच घालवले तर पाप? करमणुकीची किंमत दिली, विषय संपला." हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. नुसत्या पैशांच्या बाजूने पाहिलं तर तो बरोबर आहे. शिवाय शेअर बाजार, स्टार्टअप, अगदी शेतीसुद्धा, अनिश्चितता कुठे नाही?

मी यावर बराच विचार केलाय. माझं उत्तर महाभारतातल्या दोन जागांवर उभं आहे.

पहिली जागा सभापर्वातली. युधिष्ठिर आधी रत्नं लावतो, मग रथ, हत्ती, घोडे. मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम. मग स्वतःला. आणि शेवटी द्रौपदीला. तिला सभेत न्यायला प्रातिकामी येतो तेव्हा ती त्याला एक प्रश्न देऊन परत पाठवते : राजा आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? भीष्मांनाही त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही.

आपण हा प्रश्न कायद्याचा समजतो, की दास झालेल्याला पत्नीवर हक्क उरतो का. मला तो आता दुसऱ्या अर्थाने ऐकू येतो. सिनेमाला जाणारा माणूस स्वतःला हरलेला नसतो. तिकीट घेताना किंमत ठरलेली असते, पडदा पडला की तो उठतो. रात्री दीड वाजता दहा ओळींसमोर बसलेला मी मात्र स्वतःला आधीच हरलो होतो. "ही शेवटची" म्हणणारा आणि लगेच पुढचं बटण दाबणारा, ही दोन माणसं होती आणि पहिल्याचं दुसऱ्यापुढे काही चालत नव्हतं. मग त्यानंतर जे ५०-५० रुपये लागत होते, ते कोणाच्या अधिकाराने? त्यात घराचा हप्ता होता, मुलीची फी होती, बायकोच्या पगारातला वाटा होता. स्वतःला हरलेल्या माणसाला ते पणाला लावायचा हक्क होता का?

म्हणून मित्राला मी सांगतो की सातशे रुपये हा प्रश्नच नाही. सातशेला थांबणारा माणूस अजून तुझ्याकडे आहे का, हा प्रश्न आहे. मल्टी-हँड नेमकं त्याच माणसाला मागे टाकतं. निर्णय एकदा घ्यायचा, परिणाम दहापट, आणि विचार करायला मिळणारा वेळ तेवढाच.

दुसरी जागा वनपर्वातली, नलाची कथा. द्यूतात राज्य हरलेला नल वेष पालटून ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला असतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे बघून त्याची पानं आणि फळं किती ते सांगतो. नल रथ थांबवतो. राजाला उशीर होतोय, तरी म्हणतो, मी मोजून बघणार. आकडा बरोबर निघतो. मग ऋतुपर्णाकडून तो फाशांची विद्या शिकतो, आणि ती मिळताच त्याच्या अंगात शिरलेला कली बाहेर पडतो. गंमत म्हणजे वैदिक काळात फासे म्हणून बेहड्याची फळंच वापरायचे. ज्याने बुडवलं, त्याच्याच झाडाखाली तो मोकळा झाला.

मला प्रश्न पडायचा की गणित तर मलाही येत होतं, मग माझा कली का नाही गेला? फरक एवढाच की नलाने रथ थांबवून मोजलं. मी धावत्या रथात मोजत होतो. दर मला तोंडपाठ होता, अर्धा टक्का, पावणेतीन टक्के. एकूण किती गेले, हे मी तीन आठवड्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. रोज माळेवर १०८ मणी मोजणारा माणूस मी, आणि बटण किती वेळा दाबलं ते मोजलं नाही!

शेवटी एका रविवारी बँकेचं स्टेटमेंट उघडलं, बेरीज केली आणि बायकोला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पैसे किती गेले ते कळलं. खोटं किती वेळा बोललास ते सांग." तो आकडा मला सांगता आला नाही. ॲप त्याच दिवशी काढलं. तिचा विश्वास परत यायला मात्र बरेच महिने लागले, आणि ते योग्यच होतं.

आपल्याकडे आता २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. चांगलं झालं. पण कायदा दुकान बंद करतो. बटण दाबायला शिवशिवणारं बोट आपलं आपल्यालाच आवरावं लागतं. आणि ते बोट फक्त पत्त्यांवर नसतं. रात्री उशिराचं ऑप्शन ट्रेडिंग, न संपणारे रील्स, सेलमधली खरेदी, सगळीकडे तेच.

मग भगवंतांनी द्यूताला आपली विभूती का म्हटलं असेल? मला आज असं वाटतं, की जिथे माणूस उघड्या डोळ्यांनी स्वतःला फसवतो, तिथेसुद्धा तो साक्षी हजर असतो. मी घरात खोटं बोललो, पण तो दहाही ओळी बघत होता. हे आधी भीतीदायक वाटलं. आता आधार वाटतो. कारण जो तिथेही होता, त्याला आपण काय लपवणार? आणि लपवायचं काही उरलं नाही, की छळही संपतो.

आजचा संकल्प : या महिन्याचं बँकेचं स्टेटमेंट उघडा. घरच्यांसमोर मोठ्याने वाचता येणार नाही अशी एक ओळ त्यात असेल, तर तिची बेरीज करा. रथ थांबवून. आणि आजच कुणातरी एका आपल्या माणसाला तो आकडा सांगा. एकट्याने सुटत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोला, त्यात कमीपणा काही नाही.

उद्या पुढचा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी.