हाताचे काम आणि त्याचे मोल

मंडळीतील एका भगिनीने क्रोशाचा टेबलक्लॉथ विणला. रोज दोन तास, असे अडीच महिने. मंडळीच्या विक्रीत त्याचे पंधराशे रुपये आले. सुताचे सहाशे वजा जाता मजुरी ताशी सहा रुपये पडली! तरी घेणाऱ्या बाई म्हणाल्याच, "घरी बसून तर विणता, थोडे कमी करा की!" छंदाचे पैसे मागणे हा लोभ की काय, असा प्रश्न त्या भगिनीस पडला.

पवित्र शास्त्रात दोन्ही उदाहरणे आहेत. करिंथात पौलाने राहुट्या करून चरितार्थ चालविला. यापोत टबीथेने विधवांसाठी कपडे केले. ती वारल्यावर विधवा ते दाखवीत रडल्या. एक श्रम मोलाचे, दुसरे दानाचे, दोन्ही पवित्र. मात्र कोणते श्रम कशासाठी, हे करणाऱ्याने ठरवावे, गिऱ्हाइकाने नव्हे. घासाघीस करून आपण दुसऱ्याकडून न विचारता दान वसूल करतो.

बाजार तास मोजीत नाही, हेही खरे. म्हणून विणणाऱ्यांनी लहान वस्तू विकाव्या. अडीच महिन्यांचे काम प्रेमाच्या माणसासाठी राखावे. आणि आपण? किंमत जड वाटली, तर वस्तू नम्रपणे परत ठेवावी. भगिनीचे तास कापू नयेत.