जवळ म्हणजे किती?

चाकणहून लोहगावचा विमानतळ 25-30 किलोमीटरवर आहे. पुण्याहून नागपूर आकाशमार्गे सुमारे 600 किलोमीटर. हे दुसरे अंतर विमान सव्वा ते दीड तासात कापते. आणि मोशीपाशी अवजड वाहनांची रांग लागलेली असली, तर पहिल्या अंतरालाही मोटारीत तेवढाच वेळ जातो. खेड-चाकणच्या बाजूला विमानतळ होणार, ही चर्चा कित्येक वर्षे चालली. अखेर 2016 साली पुरंदर तालुक्याची निवड झाली आणि ती आशा मावळली.

हा हिशेब मांडायला आम्हांला कारण घडले. आमच्या धर्मग्रामातील दोघा तरुणांचे वडील एकाच आठवड्यात वारले. दोघेही विदर्भातले. एक कारखान्यात अधिकारी. पहाटे निरोप आला आणि दुपारी तो वडिलांच्या शवपेटीजवळ उभा होता. दुसरा कंत्राटी कामगार. महाळुंग्याला एका खोलीत पाच जणांसह राहणारा. ऐन वेळचे विमानभाडे त्याच्या आवाक्याबाहेरचे. तो रात्रीच्या बसने निघाला. उन्हाळ्याचे दिवस, गावात शव ठेवण्याची सोय नाही. तो पोहोचला तेव्हा दफनविधी आटोपला होता.

अंतर एकच; पण एका मुलासाठी ते दीड तासाचे ठरले, दुसऱ्यासाठी जन्माचे. तेव्हा अंतर मोजायचे कशाने? किलोमीटरने, घड्याळाने की खिशातील पैशाने?

हा केवळ पैशाचा प्रश्न आहे, असे आम्हीही प्रथम मानले. पण परत आल्यावर तो अधिकारी आमच्यापाशी बराच वेळ बसला. तीन वर्षांत तो घरी गेलेला नव्हता. “फादर, दीड तासाचा तर प्रवास. केव्हाही जाता येईल, असंच म्हणत राहिलो,” असे तो म्हणाला. कामगार मात्र दर नाताळला बसमध्ये रात्र काढून घरी जात असे. त्याला ठाऊक होते की जाणे कठीण आहे. म्हणून तो रजा आधी मागून ठेवी, पैसे बाजूला टाकी. वाट सोपी झाली की निघण्याची निकड उरत नाही, असे तर नसेल? आम्ही त्या अधिकाऱ्याला दोष देत नाही. हातातली गोष्ट उद्यावर टाकण्याचा मोह कोणाला सुटला आहे? आणि विमान नसते, तर त्यालाही वडिलांचे अंतिम दर्शन घडले नसते, हेही तितकेच खरे.

दोष द्यायचाच तर आम्हांला घरातच सापडतो. यरुशलेमहून यरीहोची वाट साधारण चाकण-लोहगाव इतकीच. त्या वाटेवरचा याजक जखमी माणसापासून दूर राहत नव्हता. तो त्याच वाटेने आला, त्याला पाहिले आणि दुसऱ्या बाजूने निघून गेला. आमच्या निवासापासून महाळुंगे वीसेक किलोमीटर. तो मुलगा दोन वर्षे आमच्या मिस्सेला येत होता. त्याची खोली आम्ही पाहिली नव्हती. पत्ताही वडील गेल्यावर विचारून घेतला.

पुढच्या मंगळवारी आम्ही गेलो. जायला एक तास दहा मिनिटे लागली. तो दुसऱ्या पाळीला गेला होता. त्याच्या सोबत्याने स्टोव्ह पेटवून चहा केला आणि बसायला एकुलती एक खुर्ची पुढे केली.