युद्ध संपल्यानंतरचा युधिष्ठिर



आजचं वाचन : महाभारतातल्या शांतिपर्वाची सुरुवात, आणि तिथून थेट आश्वमेधिकपर्वाची सुरुवात. मधली शेकडो पानं आज सोडून द्यायची. का, ते पुढे कळेल.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात : मी अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये चॅप्लिन आहे. (आईच्या मैत्रिणींना अजून चार्ली चॅप्लिनच आठवतो.) आपल्या लष्करात पंडितजी, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मगुरू असतात, ते याच्या सगळ्यात जवळचं. फक्त मी रुग्णाचा धर्म बघून जात नाही. कॅथलिक, बाप्टिस्ट, काहीच न मानणारे, सगळ्यांच्या खाटेशी जाते. आपला धर्म कुणाच्या गळी उतरवायचा नाही आणि आधी ऐकायचं, हे इथलं मुख्य काम. त्याचं रीतसर शिक्षण असतं, मी शिकत होते तेव्हा एका सत्राला 400 तास लागायचे. तरीही चुका होतातच.

"मग तू त्यांना गीता सांगतेस का?" असं तुमच्यातले बरेच जण विचारतात. एकदा सांगितली. त्याचीच ही गोष्ट.

एक आजोबा आहेत, व्हिएतनामला लढलेले. आमच्याकडे म्हाताऱ्या सैनिकांसाठी कायम राहण्याचा विभाग आहे, तिथे असतात. ओळख पटेल असं सगळं मी इथे बदललंय. एका रात्री त्यांनी मला पन्नास वर्षांपूर्वीची एक दुपार सांगितली. काय सांगितलं ते लिहिणार नाही, ते माझं नाहीच. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता याचं काय करू?"

आणि मी घाईघाईने उत्तर दिलं! तुम्ही विशीतले सैनिक होतात, हुकूम होता, कर्तव्य केलंत, फळाचा भार तुमच्यावर नाही. पाठच होतं मला ते. आजोबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू तिथे नव्हतीस, पोरी." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

घरी आल्यावर लाज वाटत होती. पोथी काढून बसले, आणि इतकी वर्षं समोर असलेली गोष्ट तेव्हा दिसली. गीता भीष्मपर्वात आहे, सहाव्या पर्वात, युद्धाच्या आधी. अर्जुनाने अजून बाण सोडलेला नाही. माझे आजोबा बाण सोडून, जिंकून-हरून, घरी येऊन पन्नास वर्षं झालेले. त्यांचा अध्याय तो नव्हताच. त्यांचं बाराव्या पर्वात आहे.

तिथे काय आहे बघा. युद्ध संपलंय. मेलेल्यांना पाणी देऊन झालंय. पांडव लगेच नगरात जात नाहीत, महिनाभर गंगेकाठी बाहेरच राहतात, अशौच म्हणून. (इथे सैनिक विमानात बसून दोन दिवसांत आईच्या स्वयंपाकघरात पोचायचे. मला हा फरक फार मोठा वाटतो.) नारद येऊन युधिष्ठिराला विचारतात, जिंकलास, आता बरं वाटतंय ना? तो म्हणतो, हा विजय मला पराजयासारखा दिसतो. कर्ण आपला सख्खा मोठा भाऊ होता हे त्याला नुकतंच कळलेलं असतं. मग भीम, अर्जुन, नकुल, सहदेव, द्रौपदी, सगळे त्याला समजावतात, चिडतात. द्रौपदी तर वेड लागलंय तुला असंच म्हणते. शेवटी त्याला शरशय्येवरच्या भीष्मांकडे नेतात. महाभारतातलं सगळ्यात मोठं पर्व म्हणजे हे भीष्मांचं बोलणं, आणि पुढचं अनुशासनपर्वही तेच.

एवढं ऐकून युधिष्ठिर बरा झाला असेल ना?

आता आश्वमेधिकपर्व उघडा. भीष्म गेले. त्यांना पाणी देऊन युधिष्ठिर गंगेतून बाहेर येतो आणि काठावर कोसळतो. परत तेच दुःख, तेच प्रश्न. आणि व्यास, प्रत्यक्ष व्यास, वैतागतात. तुझी बुद्धी अजून पिकली नाही, आम्ही इतका वेळ काय हवेत बोलत होतो का, अशा अर्थाचं काहीतरी ऐकवतात. मी हे वाचून मोठ्याने हसले. कारण एखाद्याने चौथ्यांदा तीच दुपार सांगायला घेतली की माझ्याही मनात "परत?" येतं. व्यासांना आलं होतं हे लिहून ठेवलंय, तेही त्यांच्याच नावावरच्या ग्रंथात. आणि तरी ते उठून गेले नाहीत.

बॉस्टनमध्ये जोनाथन शे नावाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करायचे. ते ऐकताना त्यांना होमरचा अकिलीस आठवत राहिला, 1994 मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. मला आपला युधिष्ठिर जास्त उपयोगी पडतो, कारण तो जगतो. त्याला म्हातारं व्हावं लागतं.

आठवड्याने आजोबांकडे गेले, आधी माफी मागितली. काही दिवसांनी त्यांनीच विचारलं, "तुझ्या पुस्तकात लढाई आहे म्हणे?" मग युधिष्ठिर सांगितला, कोसळतो तिथपर्यंत. ते म्हणाले, "पण मधल्या काळात त्याने केलं काय?" म्हटलं, बरंच. ज्या मेलेल्यांना कुणी नातलग उरला नव्हता, त्यांचंही श्राद्ध केलं. त्यांच्या नावाने धर्मशाळा, तलाव, पाणपोया बांधल्या. पाणपोई म्हणजे काय ते समजावायला मला आपल्या एसटी स्टँडवरचे लाल कापड गुंडाळलेले माठ आणि वर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' ही पाटी, सगळं वर्णन करावं लागलं. आजोबा म्हणाले, "ज्यांना मारलं, त्यांच्याही नावाने?" मी म्हटलं, दोन्ही बाजूंचे नातलगच होते की.

पुढच्या मंगळवारपासून आजोबा खालच्या दवाखान्याच्या हॉलमध्ये, पाण्याच्या यंत्राशेजारी व्हीलचेअर लावून बसायला लागले. वॉकर घेऊन येणाऱ्यांना पेला भरून द्यायचे. कुणाच्या नावाने, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काल मात्र ते तिथे नव्हते. वर गेले. भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आल्याचं कळलं, पण वळले नाहीत. "ती दुपार," एवढंच म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसले.

रामकृष्ण हरी.