पट्टा बांधून घ्या

मे महिन्यात मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होड्या निघतात. तांडेल लाईफ जॅकेट देतो. बरेच जण ते नुसतं खांद्यावर अडकवतात. फोटो चांगला यायला हवा ना! तांडेल पुन्हा सांगतो, पट्टा बांधून घ्या.

सकाळी पाणी शांत दिसतं. दुपारी खारा वारा उठतो, लाटा चढतात. पट्टा सुटा असला, तर पाण्यात पडताच जॅकेट अंगातून वर निसटतं. पोहता येत असलं, तरी पट्टा बांधून घ्या.

जाणत्याचं ऐकण्यात कमीपणा कसला, श्रोतेहो? मोठ्यांनी ऐकलं, की मुलं न सांगता ऐकतात. आणि होडी भरलेली दिसली, तर पुढच्या होडीने जा. किल्ला काही पळून जात नाही; पावसाळा लागेपर्यंत फेऱ्या चालूच असतात.