राखीव माणसाची किंमत

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान, वाकडी काठी आणि पांढरा चेंडू उभा राहतो. कॅनडात व अमेरिकेत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तेथे हॉकी बर्फावर, पायांत धारदार स्केट्स बांधून खेळली जाते आणि चेंडूच्या जागी रबराची एक काळी, कठीण चकती असते. प्रत्येक बाजूचे सहा जण बर्फावर उतरतात. त्यांपैकी पाच जण मिनिटामिनिटाला बदलत राहतात. सहावा, म्हणजे गोलरक्षक, बहुधा सामना संपेपर्यंत आपली जागा सोडीत नाही. एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढील हकीकत व तिच्या पोटातील नैतिक प्रश्न समजण्यास अडचण पडू नये.

गोलरक्षक एकच खेळतो. पण संघाला एकावर भागत नाही. दुसरा पूर्ण पोशाख चढवून बाकावर बसतो. तिसरा व चौथा कनिष्ठ संघात, दुसऱ्या एखाद्या गावी, बोलावणे येण्याची वाट पाहत असतात. पहिल्याला दुखापत झाल्याखेरीज वा त्याचा खेळ ढासळल्याखेरीज यांना संधी नाही. म्हणजे ज्याच्या अरिष्टावर आपले भाग्य अवलंबून, त्याच्याच शेजारी बसून, त्याच्याच यशाची मनापासून इच्छा करावयाची. राखीव माणसाच्या वाट्याला आलेली ही साधना सोपी नव्हे.

या वाट पाहणाऱ्यांना वेतन किती द्यावे? आणि ते देता येईनासे झाले, तर माणसाशी कसे वागावे?

तेथील नॅशनल हॉकी लीगमध्ये आज बत्तीस संघ आहेत. पूर्वी श्रीमंत शहरांचे संघ हवा तो खेळाडू पैशाच्या बळावर उचलून नेत आणि लहान शहरांचे संघ हात चोळीत बसत. मालकांनी वेतनावर मर्यादा घालण्याचा आग्रह धरला, खेळाडूंच्या संघटनेने विरोध केला, आणि त्या झगड्यात २००४-०५ चा संपूर्ण हंगाम वाया गेला. पुढे तडजोड झाली. २००५-०६ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चाला कमाल मर्यादा आली: प्रथम ३ कोटी ९० लाख डॉलर, २०२५-२६ मध्ये तीच ९ कोटी ५५ लाख झाली. मर्यादेच्या आत राहणे सर्वांना सक्तीचे. हा नियम मला अन्यायाचा वाटत नाही. लहान गावच्या पोरांनाही आपला संघ जिंकताना पाहण्याची आशा असावी, यात गैर ते काय? परंतु पंक्तीत पाने मोजकी मांडली की कोणीतरी उठून जाणे आलेच, आणि कोणी उठावे हे ठरविणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता येते.

मार्क-आंद्रे फ्लूरी हा क्यूबेक प्रांतातला, सदा हसतमुख असा गोलरक्षक. २००३ साली पिट्सबर्ग पेंग्विन्स संघाने त्याला नवोदितांमधून सर्वांत प्रथम निवडले आणि २००९ मध्ये त्याने त्यांना स्टॅनले चषक मिळवून दिला. २०१६ च्या वसंतात त्याच्या डोक्याला मार लागला आणि त्याची जागा मॅट मरे या तरुणाने घेतली. मरेने चषक जिंकला. फ्लूरी बाकावर राहिला. पुढच्याच वर्षी नियतीने बाजू उलटविली. अंतिम फेऱ्यांच्या आरंभीच मरे जायबंदी झाला आणि फ्लूरीने दोन फेऱ्या संघ तारून नेला. तिसऱ्या फेरीत मरे बरा होऊन आला, आणि जागा पुन्हा त्याची झाली.

याच सुमारास लास व्हेगास येथे नवा संघ स्थापन होत होता. त्यासाठी प्रत्येक जुन्या संघातून एक खेळाडू जावयाचा होता आणि प्रत्येकाला एकच गोलरक्षक सुरक्षित ठेवण्याची मुभा होती. फ्लूरीच्या करारात एक कलम होते: त्याच्या संमतीवाचून त्याला हलविता येणार नाही. त्याने नुसते ‘नाही’ म्हटले असते, तर पिट्सबर्गला त्यालाच राखावे लागले असते आणि तेवीस वर्षांचा मरे उघडा पडला असता. फ्लूरीने, हंगाम अजून चालू असतानाच, आपला हा हक्क सोडून दिला. जून २०१७ मध्ये संघ पुन्हा जिंकला, तेव्हा चषक हाती येताच त्याने तो मरेच्या हातात दिला. हिशेबाच्या भाषेत हे कोठे मांडावयाचे? कराराने त्याला एक ढाल दिली होती. ती त्याने आपण होऊन खाली ठेवली. वेतनपत्रकात या कृतीसाठी रकाना नाही. उलट, त्याला उचलून न्यावे म्हणून पिट्सबर्गने व्हेगासला भविष्यातील एक निवडहक्क वर देऊ केला.

व्हेगासमध्ये फ्लूरी त्या नव्या संघाचा चेहरा झाला. पहिल्याच वर्षी संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. मग २०२० मध्ये रॉबिन लेनर हा दुसरा चांगला गोलरक्षक आणला गेला आणि त्याच्याशी पाच वर्षांचा, वर्षाला ५० लाखांचा करार झाला. फ्लूरीचे ७० लाख होतेच. महामारीमुळे वेतनमर्यादा ८ कोटी १५ लाखांवरच गोठली होती. म्हणजे एका जागेसाठी सातव्या हिश्शाहून अधिक रक्कम गुंतली. पुढच्या हंगामात फ्लूरीने सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक आयुष्यात प्रथमच मिळविला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्यानंतर काही आठवड्यांतच, २७ जुलै २०२१ रोजी, व्हेगासने त्याला शिकागोला देऊन टाकले. बदल्यात मिकाएल हाक्काराइनेन नावाचा कनिष्ठ संघातील एक खेळाडू कागदोपत्री घेतला गेला, आणि तोही शिकागोच्याच कनिष्ठ संघात खेळत राहिला. थोडक्यात, ७० लाखांची जागा मोकळी झाली, एवढाच मोबदला. त्या दिवशी फ्लूरीच्या प्रतिनिधीने जाहीर केले की संघाकडून अद्याप कोणी त्याच्याशी बोललेले नाही. हा त्याच्या बाजूचा दावा होता, हे नमूद केले पाहिजे. पण तो खरा असेल, तर माझ्या मते येथील दोष वेतनमर्यादेचा नव्हे. मर्यादेने जागा रिकामी करावयास सांगितले; समोर बसवून चार शब्द बोलू नयेत, असे काही तिने सांगितले नव्हते.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ साली किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला. ज्याच्या जागी तितक्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते, आणि माणूस या कोटीत बसत नाही, असा त्याचा आशय. वाचताना हे पटते. परंतु गोलरक्षकाची जागा तर मुळातच बदलीची आहे! बदली मिळत नसती तर संघच उभा राहिला नसता. तेव्हा किंमत भूमिकेची, माणसाची नव्हे, असे म्हणून मोकळे होता येईल काय? मला वाटते, अर्धेच. कारण भूमिका अंगावर वागविणारे शरीर माणसाचेच असते.

कॅरी प्राइसचे उदाहरण घ्या. त्याच्या आडनावाचा इंग्रजीतील अर्थच ‘किंमत’, योगायोग म्हणावयाचा. ब्रिटिश कोलंबियातील आनाहिम लेक या आडवळणाच्या वस्तीत तो वाढला. सरावाची सोय शेकडो किलोमीटर दूर होती, म्हणून वडील त्याला लहानशा विमानातून घेऊन जात. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाने २०१७ मध्ये त्याच्याशी आठ वर्षांसाठी ८ कोटी ४० लाख डॉलरांचा करार केला. २०२१ मध्ये त्याने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेले. मग गुडघा गेला. एप्रिल २०२२ नंतर तो खेळलेला नाही. पण करार चालूच होता, आणि दीर्घकाळ जायबंदी असलेल्या खेळाडूसंबंधीच्या नियमांमुळे त्याचे नाव संघाच्या हिशेबात कधी अडचणीचे, तर कधी सोयीचे ठरे. सप्टेंबर २०२५ मध्ये मॉन्ट्रियलने ते नाव, सोबत पाचव्या फेरीचा एक निवडहक्क जोडून, सॅन होजे शार्क्सकडे पाठविले; त्यांच्या खात्यात जागा रिकामी होती. प्राइस त्यांच्यासाठी एकही सामना खेळणार नाही, हे देणारे व घेणारे दोघेही जाणून होते. येथे कोणावर अन्याय झाला? ठरलेले पैसे त्याला मिळत होते. कोणी त्याला फसविले नाही. तरीही मोडलेला गुडघा देवघेवीची वस्तू झालेला पाहून मन बिचकते, आणि मन बिचकते म्हणजे काही तरी चुकलेच असेल, असेही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

कोणी म्हणेल, लक्षाधीशांसाठी अश्रू कशाला? आक्षेप रास्त आहे. २०२५-२६ मध्ये या लीगमधील किमान वार्षिक वेतनच ७ लाख ७५ हजार डॉलर होते. न्यू यॉर्क आयलंडर्सच्या रिक डिपिएट्रोशी २००६ मध्ये पंधरा वर्षांचा करार झाला, दुखापतींनी त्याची कारकीर्द संपली, आणि २०१३ मध्ये करार मोडताना ठरल्याप्रमाणे २०२९ पर्यंत दर वर्षी १५ लाख डॉलर त्याला घरबसल्या मिळत आहेत. अशांना दयेची गरज नाही. मी दयेविषयी बोलतही नाही.

लक्षाधीश नसलेल्या एकाचेही उदाहरण आहे. २२ फेब्रुवारी २०२० रोजी टोरांटोत कॅरोलायना हरिकेन्सचे दोन्ही गोलरक्षक एकाच सामन्यात जायबंदी झाले. अशा वेळी यजमान शहरातला एक हौशी गोलरक्षक दोन्ही संघांसाठी हजर ठेवण्याची पद्धत होती. त्या रात्री तो मान डेव्हिड एअर्स या बेचाळीस वर्षांच्या गृहस्थाचा होता. बर्फाच्या मैदानांची देखभाल करणे हा त्याचा व्यवसाय. २००४ मध्ये त्याला आईचे मूत्रपिंड बसविलेले. गंमत अशी की तो टोरांटोच्याच खेळाडूंना सराव देत असे, आणि त्या रात्री त्यांच्याच विरुद्ध उभा राहिला. पहिले दोन फटके जाळ्यात गेले. नंतरचे आठही त्याने अडविले आणि कॅरोलायना ६-३ अशी जिंकली. त्या आठ फटक्यांपैकी एकही त्याने यजमानांसाठी हळूच सोडला नाही, हे मला त्या विजयापेक्षा मोठे वाटते. आता ती पद्धतही सरत आहे: २०२५ मध्ये ठरलेल्या करारानुसार २०२६-२७ च्या हंगामापासून प्रत्येक संघाने असा आपत्कालीन गोलरक्षक पगारी नोकर म्हणून ठेवावयाचा आहे. वाट पाहण्याला अखेर वेतन मिळू लागले, हे चांगलेच झाले. एअर्ससारखा माणूस प्रेक्षकांतून उठून थेट बर्फावर उतरण्याचा प्रसंग मात्र पुन्हा येणे नाही.

व्हेगासचे पुढे काय झाले, हेही सांगावयास हवे, कारण यशाने सारे हिशेब चुकते होतात असे मानणारे पुष्कळ. फ्लूरी गेल्यानंतरच्या हंगामात संघ अंतिम फेऱ्यांत पोहोचलाच नाही. लेनर शस्त्रक्रियेमुळे २०२२-२३ चा संपूर्ण हंगाम बाहेर राहिला. त्या वर्षी संघाला पाच गोलरक्षक वापरावे लागले, आणि शेवटी चषक जिंकताना जाळ्यापुढे उभा होता एडिन हिल, ज्याला एका चौथ्या फेरीच्या निवडहक्काच्या बदल्यात आणले होते व ज्याच्यापुढे रांगेत इतर होते. फ्लूरीला ज्या रीतीने निरोप दिला गेला, ती रीत या चषकाने योग्य ठरली का? माझे उत्तर नकारार्थी आहे. पण चषक गेला असता, तरी ते नकारार्थीच राहिले असते. मरेची वाटही सुखाची नव्हती. ज्याच्यासाठी फ्लूरीने जागा सोडली, त्या मरेला २०२१ मध्ये ओटावाने इतर सर्व संघांपुढे फुकट ठेवले, आणि एकानेही त्याला उचलले नाही.

फ्लूरी २०२५ मध्ये निवृत्त झाला. ५७५ विजय त्याच्या नावावर आहेत. त्याच सप्टेंबरमध्ये पिट्सबर्गने त्याला केवळ चाचणीचा म्हणतात तसा एक छोटा करार देऊन बोलावले. जुन्या सोबत्यांबरोबर त्याने एक दिवस सराव केला आणि दुसऱ्या दिवशी हंगामपूर्व सामन्याच्या शेवटी काही मिनिटे तो आपल्या जुन्या जाळ्यापुढे उभा राहिला. त्या कराराची रक्कम वेतनमर्यादेत धरली जात नाही.