मशरू आणि जायजपणाचा सवाल

‘मशरू’ म्हणजे शरीयतला मंजूर. पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य. म्हणून विणकरांनी उभे धागे रेशमाचे आणि आडवे सुताचे घेतले. साटिनच्या विणीमुळे रेशीम वर राहते, सूत आत. लोकांना झळाळी दिसते, अंगाला सूत लागते.

काही जण याला पळवाट म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. बंदी रेशमावर होती. रंगावर नव्हती, फुलावर नव्हती. कारागिराने मर्यादा मान्य केली आणि त्या मर्यादेतच सौंदर्याला जागा करून दिली. डोळ्याचा हक्क डोळ्याला, देहाचा देहाला.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मशरूबरोबर हिमरूचे कापडही विणले गेले. घडण किनखापाची, पण जरीऐवजी सूत आणि रेशीम. वेली, बुट्टे, बदाम आणि कैरीचे आकार. हे कापड उलटून पाहावे. फूल संपते तिथे त्याचा रंगीत धागा संपत नाही. तो पाठीमागून मोकळा धावत पुढच्या फुलापर्यंत जातो. हिमरूचा मऊपणा याच न दिसणाऱ्या धाग्यांचा.

कापडामागचा माणूसही असाच न दिसणारा. जाळ्याच्या जुन्या मागावर नक्षीच्या दोऱ्या ओढायला विणकराशिवाय आणखी दोन हात लागत. कित्येकदा ते एखाद्या पोराचे असत. कोणत्या पाकळीसाठी कोणत्या दोऱ्या उचलायच्या, हे लक्षात ठेवावे लागे. पुढे जकार्डच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी ते काम घेतले. आम्ही शाळामास्तर माणसे. त्या कसबाने थक्क होतो आणि त्या पोराची पाटी कुठे होती, हेही विचारतो.

खरा सवाल इथे आहे. कापड अंगाला कसे लागते, एवढ्यावरच ते जायज ठरते काय? की ते कोणत्या मजुरीवर विणले गेले, हेही पाहायचे? घाम वाळण्याआधी मजुरी चुकती करावी, ही शिकवणही त्याच दीनची. रेशमाचा मसला बारकाईने विचारणारे आपण, यंत्रमागाची नक्कल स्वस्त मिळते म्हणून हातमागाच्या शालीचा भाव पाडतो. त्या वेळी मात्र कोणालाच मसला विचारत नाही.

मशरूच्या विणकराने कातडीला लागणाऱ्या धाग्याची फिकीर केली. धाग्याला लागलेल्या हाताची फिकीर विकत घेणाऱ्याने करायची आहे. तेवढे झाले, तरच त्या कापडाला त्याचे नाव शोभेल.